खिळ्याने पाडलेलं भोक

मी एक जुना पट्टा आहे. खोगिराच्या डाव्या बाजूला लोंबतो. माझ्या टोकाला लोखंडी रिकीब आहे आणि घोड्यावर चढणारा माणूस पहिला पाय तिच्यातच ठेवतो.

थांबा. असं सांगितलं तर तुम्हाला वाटेल, आता खोगिराची गोष्ट येणार. खोगीर मोठं आहे, त्याची गोष्ट ते सांगेल. माझ्याजवळ फक्त भोकं आहेत. सात. मित्रांनो, मी भोकाभोकानेच सांगतो. मधे मधे गोष्ट तुटेल, कारण भोकांच्या मधे नुसतं चामडं असतं.

पहिली पाच

ओग्मुंदूर नावाच्या खोगीरवाल्याने मला कापलं. गाईचं चामडं, दोन हिवाळे मुरलेलं. त्याने माझ्यात पाच भोकं पाडली, गोल आणि स्वच्छ, एकेका बोटाच्या अंतरावर. भोक जितकं टोकाकडचं, तितका मी लांब. माझ्या जुळ्या भावाला, उजव्या पट्ट्यालाही पाचच. मग आम्हा दोघांना एकावर एक धरून तो खिडकीशी गेला आणि भोकात भोक बसतं का ते उजेडात पाहिलं.

"दोघं सारखे राहा रे," तो म्हणाला. "एक लांब झाला की स्वार वाकडा होतो."

गिल नावाच्या शेतावरच्या ब्रांदूरने खोगीर घेतलं. आमचं चौथं भोक त्याचं. खोऱ्यात म्हणायचे, ब्रांदूरसारखी मांड दुसऱ्या कुणाची नाही. घोडा नदीत पोहो की दगडांवरून घसरो, ब्रांदूर आपला गुणगुणत असायचा. दर सप्टेंबरात सगळी शेतं मिळून डोंगरात जायची आणि उन्हाळाभर मोकळ्या चरलेल्या मेंढ्या खाली आणायची. स्वार एकमेकांपासून लांब, एका रांगेत. धुकं असलं तर हाका मारत. वरचा हाक मारणार, खालचा ओ देणार. ओ आली की कळायचं, रांग अखंड आहे. ब्रांदूरची ओ तीन टेकड्यांपलीकडे जायची.

तेवीस वर्षं तो माझ्यावर पाय ठेवत होता. तेवीस वर्षांत पट्ट्याला माणूस कळतो.

सहावं. सुरीचं.

हे भोक गोल नाही. ही चीर आहे. ब्रांदूरने ती गोठ्यामागे उभं राहून पाडली, खिशातल्या सुरीने, इकडेतिकडे बघत.

त्याआधी वर्षभर त्याचं गुणगुणणं बंद झालं होतं. डावा पाय उचलून माझ्यात ठेवताना तो श्वास धरायचा. डाव्या खुब्यात, आत खोलवर, आणि जांघेत काहीतरी अडकायचं. मी चामड्याचा आहे, मला दुखणं कळत नाही. पण पायातून खाली काय येतं ते कळतं. दोन गोष्टी येतात. एक कळ. ती हातोड्यासारखी येते आणि जाते. दुसरी गोष्ट तिच्याआधी येते आणि ती गेल्यावरही थांबते. ती थरथर आहे. पाय रिकिबीत येण्याआधीच ती सुरू व्हायची. पुढे पुढे तर ब्रांदूर खोगिराकडे नुसता चालत येताना मी रिकीब हलताना पाहिली आहे, वारा नसताना.

म्हणून त्याने मला लांब केलं. रिकीब खाली आली, पाय कमी उचलावा लागला. उजवा पट्टा चौथ्यावरच राहिला. ओग्मुंदूरने नको म्हटलं होतं तेच झालं. ब्रांदूर वाकडा बसू लागला आणि वाकडं बसल्याचं कुणाला दिसू नये म्हणून सगळ्यांच्या मागून जाऊ लागला.

मग तो सप्टेंबर आला. पश्चिमेच्या कड्याखाली दगडांची एक उतरण आहे. तिथे घोड्यावरून उतरून घोडा हाताने न्यावाच लागतो. ब्रांदूर उतरला. उतरण ओलांडली. पाय उचलून माझ्यात ठेवला आणि त्याला चढता आलं नाही.

पाच वेळा.

वरून हाक आली. त्याने ओ दिली नाही. तीन टेकड्यांपलीकडे जाणारी ओ त्याच्या गळ्यात होती, मला ती पट्ट्यात जाणवली, कारण त्याची मूठ माझ्यावर होती. पण ओ दिली की कुणीतरी येणार. कुणीतरी आलं की बघणार.

नदीपलीकडे लाकडी घर होतं, तिथेच सगळे जमायचे. ब्रांदूर घोड्याच्या बाजूने चालत नदीत उतरला, मला धरून. पाणी बर्फाचं होतं. मधोमध त्याची मूठ माझ्यावर होती.

मग नव्हती.

घोडा पलीकडे निघाला आणि रिकाम्या खोगिराने त्या घरापाशी जाऊन उभा राहिला. "घोड्याने पाडलं," लोक म्हणाले. ब्रांदूरसारखा स्वार दुसऱ्या कशाने पडणार. केटिल नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने खोगीर उतरवलं. त्याचा अंगठा माझ्यावरून फिरता फिरता सुरीच्या चिरेवर थांबला. त्याने उजव्या पट्ट्याकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग मिटलं.

त्या हिवाळ्यात घोडा विकला. मला खुंटीला टांगलं.

(इथे भोक नाही)

सतरा वर्षं. उंदीर. बुरशी. मी वाळलो, उलायला लागलो. गोष्ट सांगायला मला तोंड असतं तरी कुणाला सांगणार होतो. तिथे एक मोडका नांगर तेवढा होता आणि त्याला स्वतःचीच रडगाणी पुरत होती.

पुन्हा चौथं

मला खाली काढलं ते ब्रांदूरच्या नातीने. हेर्बोर्ग तेव्हा पंधरा वर्षांची होती. आजोबांना तिने पाहिलंच नव्हतं. मेंढीची चरबी कोमट करून तिने ती आम्हा दोघा भावांना चोळली, एका रविवारी, दिवसभर. मित्रांनो, सतरा वर्षांनंतर तेल लागणं म्हणजे काय, ते मी सांगू शकत नाही.

तिने आम्हाला चौथ्या भोकावर लावलं. तीही गुणगुणायची. पुढे खोऱ्यातल्या गायकमंडळात गेली, खर्जातल्या बायकांत. घोड्यावर ती सरावच करायची, त्यामुळे अर्धीच गाणी मला येतात, खालच्या पट्टीतली. वरची चाल कशी आहे ते मला अजून माहीत नाही.

चांगली वर्षं होती. तेवीस. मी त्यांच्याबद्दल जास्त सांगत नाही, कारण त्यांचं भोक पडलं नाही.

पाचवं

एका हिवाळ्यात हेर्बोर्ग गोठ्यात पाय फाकवून मेंढी धरताना थांबली आणि तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने मला पाचव्यावर घेतलं. उजव्याला तसंच ठेवलं.

मला वाटलं, नाही. दुसऱ्यांदा नाही.

शहरातल्या दवाखान्यात खुब्याच्या हाडाचे फोटो काढले. ती आल्यावर ग्लोईला सांगत होती. ग्लोई तिचा घोडा. माणसांना ती जे सांगत नाही ते त्याला सांगते, त्यामुळे मलाही कळतं. "ग्लोई, फोटोत फारसं काही नाही म्हणाले. वयाप्रमाणे आहे म्हणाले. मग हे काय आहे रे? मीच करतेय का हे?"

ग्लोईने तिच्या खिशात नाक घातलं. खिशात साखरेचा खडा असतो.

पुन्हा सहावं

आजोबांच्या चिरेत बक्कल घातलं तेव्हा तिला वाटलं, जुनं चामडं, उललं असेल.

गायकमंडळात दोन तास उभं राहावं लागतं. तिने सांगितलं, घसा बसलाय. मग सांगितलं, मेंढ्यांचं काम आहे. मग त्यांनी विचारणं सोडलं आणि तिला ते फार लागलं. गरम पाण्याच्या तलावावर शुक्रवारी सगळं खोरं बसतं, तिथेही ती जाईना, कारण तलावात उतरायला सहा पायऱ्या आहेत. ती सगळीकडच्या पायऱ्या मोजू लागली. शिंक येईल म्हणून घाबरू लागली. खुर्चीत बसायच्या आधी उठायचं कसं याचा विचार करू लागली. उद्या ती गाडीतून उतरेल तेव्हा काय होईल, याची भीती तिला आज सकाळपासून वाटायची, आणि ती मला पायातून कळायची. कळ दिवसातून दहा वेळा यायची. थरथर दिवसभर होती.

शेत ती आणि तिचा भाऊ हाल्मार मिळून सांभाळत. हाल्मार वाईट नव्हता. त्याची जीभ तेवढी मोकाट होती.

"काय गं, घोड्यावर चढायला मुहूर्त काढतेयस का?"

"ग्लोई हलतोय."

"तो बिचारा पुतळ्यासारखा उभा आहे. कबूतर बसेल त्याच्यावर."

"तू आत जा, हाल्मार. कॉफी उतू जातेय."

कॉफी कधीच उतू जात नसायची. तो वळला की ती दोन्ही हातांनी आपला डावा गुडघा उचलायची आणि पाय माझ्यात ठेवायची. जणू दुसऱ्या कुणाचा पाय आहे.

सातवं. खिळ्याचं.

दर ऑगस्टात घरोघर यादी येते. कोणत्या शेतातून कोण, कोणत्या वाटेने. जितक्या मेंढ्या जास्त, तितकी माणसं. ज्याला जायचं नाही त्याने यादीच्या बैठकीत उठून कारण सांगायचं. त्या वर्षी हाल्मारने मोठ्याने वाचलं:

*गिल: हाल्मार, नदीची बाजू. हेर्बोर्ग, पश्चिमेचा कडा.*

"कडा मला दे आणि तू नदीकडे जा," हाल्मार म्हणाला. "वर थंडी असते. तू म्हातारी होत चाललीस."

"मला कडाच हवा."

"का?"

"तिथे बडबडणारा कुणी नसतो."

तो हसला. ती गोठ्यामागे गेली. गोठ्यामागे, मित्रांनो, त्याच जागी. मला दगडावर ठेवलं, गंजका खिळा धरला आणि दुसऱ्या दगडाने ठोकला. तीन ठोके. भोक वेडंवाकडं पडलं, कडा फाटल्या. आता मी उजव्यापेक्षा तीन बोटं लांब होतो.

चामड्याला ओरडता येत नाही. आलं असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो.

ओ

डोंगरात तिसऱ्या दिवशी धुकं आलं. कड्याखाली दगडांची ती उतरण आली. हेर्बोर्ग उतरली आणि ग्लोईला हाताने नेलं. खाली आली. गुडघा दोन्ही हातांनी उचलला. पाय माझ्यात आला आणि जांघेतून अशी कळ गेली की तिने खोगिरात तोंड खुपसलं.

पुन्हा. पुन्हा. मग उजव्या बाजूने गेली. तिकडे डावा पाय घोड्यावरून फेकावा लागतो, ते तर होईचना. पुन्हा माझ्याकडे आली. मी मोजत होतो. पाच.

खोगिराच्या पिशवीत वॉकीटॉकी होती. ती खरखरली.

"हेर्बोर्ग, ओ दे. कड्याचं काय?"

हा केटिल. तो आता बासष्ट वर्षांचा होता आणि डोंगरराजा होता. म्हणजे मेंढ्या आणायला कोण कुठून जाणार हे तो ठरवायचा. इथे डोंगरराजालाही नावानेच हाक मारतात, पण त्याच्या शब्दाबाहेर मेंढीही जात नाही.

"हेर्बोर्ग. तुझ्या बाजूने मेंढ्या निसटतायत. ओ दे."

तिचा हात माझ्यावर होता. पिशवी वीतभर वर होती.

"हेर्बोर्ग?"

ती धुक्याला घाबरत नव्हती. नदीलाही नाही. तीनचार माणसं धुक्यातून येतील, तिला उचलून पोत्यासारखं खोगिरावर टाकतील आणि पुढच्या वर्षी यादीत तिचं नाव नसेल, या चित्राला घाबरत होती. मग गायकमंडळ गेलं तसे डोंगर जातील. मग शेत जाईल. मग तिच्याजवळ फक्त खुबा उरेल.

तिला एक युक्ती सुचली. भित्र्या माणसाला सुचते तशी. घोडा पळाला, असं सांगता येतं. घोडा कुणाचाही पळतो. त्यात थोडी नाचक्की आहे, पण ती घोड्याची आहे. मग सावकाश, आपल्या चालीने, खाली जाता येईल.

तिने लगाम ग्लोईच्या मानेवर टाकला आणि त्याच्या मागच्या अंगावर थाप मारली.

ग्लोई दोन पावलं गेला आणि वळून बघत राहिला.

"जा," ती म्हणाली. "जा ना रे."

दोन गोष्टी तिच्या लक्षात आल्या नाहीत. वॉकीटॉकी पिशवीतच राहिली. आणि आमच्या खोऱ्यात रिकामं खोगीर परत येतं तेव्हा त्याचा अर्थ काय लावतात, हे तिला ऐकून माहीत होतं, पण ती तेव्हा जन्मलेली नव्हती.

मी तिला सोडून निघालो. रिकीब ग्लोईच्या पोटावर आपटत होती. रिकामी रिकीब वेगळी वाजते.

इथून पुढचा दीड तास

तिचं काय झालं, मला माहीत नाही. माझ्यावर कुणी नव्हतं.

घरापाशी

केटिलने मला पाहिलं तेव्हा त्याच्या हातात तपकीर ठेवायचं शिंग होतं. ते खाली पडलं. घरातून मटणाच्या रश्श्याचा वास येत होता, कुणीतरी हसत होतं. मग हसणं थांबलं.

हाल्मार धावत आला. त्याने ग्लोईचा लगाम धरला, सोडला, पुन्हा धरला. "नदी," तो म्हणाला. "आजोबांसारखं. दोर घ्या. सगळे नदीवर चला."

माणसं दोर घ्यायला पळाली. सहाच जण होते, बाकीचे अजून मेंढ्यांमागे होते. उजेड तासाभराचा. केटिल जागचा हलला नाही. तो माझ्याकडे आला. त्याचा अंगठा, आता जाड झालेला, माझ्यावरून फिरला. चिरेवर थांबला. पुढे सरकला आणि खिळ्याच्या भोकावर थांबला.

बघ, मी म्हणत होतो. बघ. तेव्हा पाहिलं होतंस. आता तरी तोंड उघड.

"थांबा," केटिल म्हणाला.

"थांबायला काय झालंय तुला?" हाल्मार ओरडला. "माझी बहीण पाण्यात आहे."

"इकडे ये. हा पट्टा बघ."

"पट्टा काय बघू?"

"डावा तीन बोटं लांब आहे, उजव्यापेक्षा. नवीन भोक आहे. खिळ्याने पाडलंय, लपून. कुणी उघड पाडलं असतं तर टोचणी वापरली असती." केटिलचा आवाज एकदम म्हातारा झाला. "ती पडलेली नाही, हाल्मार. ती उतरली आहे आणि तिला परत चढता आलेलं नाही. कड्याच्या वाटेवर उतरावं लागतं अशी जागा एकच आहे."

"मग ती ओ का देत नव्हती?"

"तुझ्या आजोबाने तरी कुठे दिली होती?"

हाल्मारने खिळ्याच्या भोकावर बोट ठेवलं.

"चौघं नदीवर जा," केटिल म्हणाला. "मी चुकलो असेन तर तुम्ही तरी तिथे असाल. हाल्मार, तू माझ्याबरोबर. ग्लोईला घे. त्याला जागा माहीत आहे."

उतरण

नदी ओलांडून आम्ही उतरणीवर पोचलो, तेव्हा धुक्यात दगडसुद्धा दिसत नव्हते. केटिलने हाक मारली.

काही नाही.

पुन्हा मारली. हाल्मारने मारली, त्याचा आवाज फाटला. काही नाही. पाऊस आणि बर्फ मिसळून पडत होतं. मित्रांनो, मी भिजून जड झालो होतो आणि मला त्या मुठीची आठवण येत होती. होती. मग नव्हती.

केटिल घोड्यावरून उतरला. या वेळी तो ओरडला नाही. धुक्यात एखादा माणूस जवळच बसला असावा, तसा नेहमीच्या आवाजात बोलला.

"हेर्बोर्ग, मी पट्टा पाहिला. आता लपवायला काही उरलं नाही. ओ दे."

पाऊस. दगड. ग्लोईने कान टवकारले.

"ओ."

बारीक. खालून. नदीच्या बाजूने.

ती पाण्याच्या काठाशी होती. एक बूट ओला होता. म्हणजे एक पाय पाण्यात घालून झाला होता. मला बघून तिने तोंड फिरवलं.

"ग्लोई पळाला," ती म्हणाली.

"बरं," केटिल म्हणाला.

"पळाला तो."

"बरं म्हटलं ना."

हाल्मारने आपला लोकरी स्वेटर काढून तिच्या डोक्यातून घातला, लहान मुलाला घालतात तसा. "पाय कुठे दुखतो?"

"पाय नाही. खुबा. आणि इथे, जांघेत."

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षं. आणि मी मुहूर्त काढतेस म्हणायचो."

"म्हणायचास ते बरं होतं. चिडवत होतास तोवर विचारत नव्हतास."

हाल्मारने स्वेटरची बाही तिच्या हातावर ओढली. 

"मला भीती वाटते, केटिल," ती म्हणाली. दात वाजत होते, शब्द तुटत होते. "दुखण्याची नाही रे. दुखतं ते दुखतं. हे असंच राहील, याची वाटते. सकाळी डोळे उघडायच्या आधी वाटते. फोटोत नाही म्हणतात. मग माझ्या डोक्यातच आहे का? मी वेडी होतेय का?"

केटिल ओल्या दगडावर बसला. "तुझ्या भोकाशेजारचं भोक कुणाचं आहे माहीत आहे? ती चीर?"

"चामडं उललंय."

"ब्रांदूरची सुरी आहे ती. तोही असाच वाकडा बसायचा. हे खोगीर मी उतरवलं, एकोणीस वर्षांचा होतो. अंगठा लागला आणि मला कळलं. घोड्याने पाडलेलं नाही, हे मला कळलं. आणि मी बोललो नाही. एवढ्या मोठ्या माणसाला घोड्यावर चढता येत नव्हतं, हे मी कोण सांगणार?" त्याने नाक पुसलं. "त्रेचाळीस वर्षं झाली. तू वेडी असशील तर तो वेडा होता आणि मी सगळ्यांत मोठा."

पाणी वाजत होतं. हेर्बोर्ग माझ्याकडे आली. तिने चिरेवर बोट ठेवलं, मग आपल्या भोकावर. दोन्हींत एका बोटाचं अंतर होतं.

"मी पण चालतच ओलांडणार होते," ती म्हणाली. "रिकीब धरायला नव्हती, एवढाच फरक."

 मग हाल्मार ग्लोईच्या शेजारी चिखलात हातांवर आणि गुडघ्यांवर ओणवा झाला.

"ठेव पाय."

"बूट चिखलाचे आहेत."

"माझी पाठ आहे, चर्चची पायरी नाही. ठेव."

तिने ठेवला. केटिलने तिला धरलं. ती खोगिरात आली तेव्हा रडत होती आणि पाय माझ्यात आला तेव्हा थरथरत होता. पण मित्रांनो, त्या दिवशी त्या थरथरीत मला पहिल्यांदा दुसरं काहीतरी जाणवलं. तो पाय माझ्यावर टेकला. तीन वर्षं नुसता शिवत होता.

आठवं भोक नाही

तुम्हाला वाटेल, आता ती बरी झाली. नाही झाली. चामड्याने खोटं बोलू नये.

फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या, काठावरच्या गावात सोलरून नावाची व्यायाम शिकवणारी बाई आहे. हेर्बोर्ग दर मंगळवारी तिच्याकडे जाते. परत आली की ग्लोईला सांगते आणि मी ऐकतो. सोलरूनने पहिल्या दिवशी खुब्याला हात लावला नाही. विचारलं, "झोप कशी लागते? लोकांत जातेस का? कशाची भीती वाटते?" हेर्बोर्ग म्हणाली, "मी पायासाठी आले आहे." सोलरून म्हणाली, "पाय एकटा आला नाहीये ना." मग हेर्बोर्ग भीतीबद्दल बोलली आणि तास संपला, व्यायाम राहिलाच. दुखणं खरं आहे, फोटोत नसलं तरी खरं आहे, हे तिथे तिला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं. आता कळ दिवसातून चारदा येते. कधी दहादाही येते. त्या दिवशी ती सोलरूनला फोन करते किंवा हाल्मारला नुसतं म्हणते, "आज दहाचा दिवस आहे," आणि तो मेंढ्या बघतो.

गायकमंडळात ती परत गेली. खर्जातल्या बायकांच्या मधोमध खुर्ची टाकतात. हाल्मार म्हणतो, आमच्या खोऱ्यात खुर्चीही गाते.

केटिलने मला बदलून नवा पट्टा द्यायचं म्हटलं. तिने नको म्हटलं. मग त्याने टोचणी आणली आणि माझ्या भावाला, उजव्यालाही दोन भोकं पाडली, गोल. आता आम्ही दोघं सारखे लांब आहोत. ती सरळ बसते. चढायला गोठ्यासमोर लाकडी ठोकळा ठेवलाय. गोठ्यामागे नाही. समोर.

पुढच्या ऑगस्टात यादीची बैठक आमच्याच अंगणात झाली. मी खोगिरासकट कुंपणावर होतो. केटिल म्हणाला, "गिल. हेर्बोर्ग."

ती उठली. ठोकळ्याला धरून, वेळ घेऊन. खोरं बघत होतं. तिच्या पोटऱ्या थरथरताना मला कुंपणावरून दिसत होत्या. उतरणीवर थरथरत होत्या त्याहून जास्त.

"माझा डावा खुबा दुखतो," ती म्हणाली. "तीन वर्षं तुम्हाला सांगितलं नाही. घसा बसला नव्हता. मला खालची सपाट वाट द्या. आणि मी ओ दिली नाही तर मेंढ्या सोडा, मला शोधा."

 मग मागून एक म्हातारा, ज्याला मी वीस वर्षं ताठ बसलेला पाहत आलो होतो, म्हणाला, "खालची वाट दोघांना पुरेल का गं?"

हेर्बोर्ग हसली. केटिलने यादीत काहीतरी लिहिलं.

मित्रांनो, मी आता फार टिकणार नाही. खिळ्याच्या भोकापासून एक चीर निघाली आहे आणि ती दर हिवाळ्यात केसभर सरकते. जोवर आहे तोवर मला चरबी चोळा, एवढं मागतो. आणि आणखी एक. तुमच्या घरातलं कुणी सगळ्यांच्या मागून चालत असेल, पायऱ्या मोजत असेल, गाणं सोडून घसा बसला म्हणत असेल, तर थट्टेच्या आधी एकदा त्याच्या पट्ट्याकडे बघा. लांबी सारखी आहे का.

आणि ते तुम्हीच असाल, गोठ्यामागे हातात खिळा धरून उभे, तर मला माहीत आहे तुम्हाला किती भीती वाटते. मी ती दोन माणसांच्या पायातून ऐकली आहे. एकाची मूठ माझ्यावरून सुटली. दुसरीचा पाय अजून माझ्यावर आहे. दोघांच्या दुखण्यात काही फरक नव्हता.

हाक आली, की ओ द्या.